बीपी, शेव आणि जवसाची चटणी

आमच्या इंदूरला शेवेशिवाय पोहे कोणी वाढतच नाही. पण माझं बीपी 150/95 निघालं आणि घरातून आधी शेवेचाच डबा गेला. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा; त्यातच पापड, लोणचं, नमकीन सगळं आलं! आता पोह्यांवर डाळिंबाचे दाणे, लिंबू, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. वनस्पती तूप बंद, साजूक तूप वरणभातापुरतं, फोडणी शेंगदाणा तेलाची. आईची जवसाची चटणी मात्र रोज: लसूण भरपूर, मीठ नावाला. जवस कुटूनच खावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात, त्यांतलं ओमेगा-3 अंगी लागत नाही. गोळी चालू आहे, मात्रा डॉक्टरच ठरवतात. हल्ली वरचा आकडा 130च्या आसपास असतो.