वळीव येण्याआधी वस्तीवरची कामं कशी उरकायची

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला, अंगाला घाम चिकटायला लागला आणि दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढू लागले की वळीव येणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी माणसं विजेनं जातात. का? तर कडबा झाकायचा राहिलेला असतो, गाय झाडाखालीच असते, आणि ढग गरजायला लागल्यावर कोणीतरी रानात पळतं. आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीनेकाठी. मी सगळ्यांना हेच सांगते, बाहेरची कामं दुपारी दोनच्या आत उरका.

सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. मोबाईलवर 'दामिनी' ॲप ठेवा, आसपास २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते कळवतं.

गंजीवर ताडपत्री टाकली की दोर खुंट्यांना बांधा. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. वाऱ्यानं पत्रा उचलला की तेच दगड खालच्या माणसाच्या डोक्यात पडतात. हुक मारून घ्या, कडेचे पत्रे जाड तारेनं अँगलला आवळा.

जनावरांचं मात्र नीट ऐका. उन्हाचं आपण सगळी दावण लिंबाखाली बांधतो. झाडावर पडलेली वीज मुळाशी थांबत नाही, जमिनीतून चहूकडे पसरते. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे ती एका पायातून शिरून काळजावरून दुसऱ्या पायात जाते. म्हणून एका विजेत सगळी दावण आडवी होते. दुपारचं पाणी पाजलं की झाडाखालून सोडून गोठ्यात आणा.

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस मोजायच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. मोटारीचा स्टार्टर, तारेचं कुंपण, नळ यांना हात नको. उघड्या रानात सापडलात तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. बिनधास्त हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा, १०८ ला फोन करा.

आता ओढा. आपली काळी जमीन एकदा भिजली की वरचं पाणी पोटात घेत नाही, सगळं ओढ्याला लावते. पाऊस वरच्या अंगाला झाला तर आपला कोरडा ओढाही भरून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं तेच दाखवलं, वरच्या धरणांतून सुटलेलं पाणी माढा-मोहोळच्या गावांत शिरलं. पाणी गढूळ होऊन फेस, काडीकचरा वाहू लागला की लगेच काठ सोडा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीही ढकलून नेतं, मोटारसायकलचं तर विचारूच नका.

रात्री परतताना ओढ्याला पाणी असेल तर अलीकडच्या वस्तीवर मुक्काम करा. आणि घरी फोन करून तसं सांगा, म्हणजे तुम्हाला शोधायला तिकडून कोणी पाण्यात उतरणार नाही.