एबीएसचा दिवा विझत नाही? जुन्या गाडीत बिघाड कसा शोधावा

भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ते बहुधा वरच्या मॉडेललाच मिळायचं. त्या गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागण्याचे दिवस आले आहेत. दिवा लागला की पुष्कळदा थेट "मॉड्यूल बदलावं लागेल" असं ऐकायला मिळतं. मॉड्यूल, म्हणजे पंप, वाल्व्ह आणि सर्किट बोर्ड असलेला डबा, हा या यंत्रणेतला सगळ्यात महाग भाग. बिघाड मात्र बहुतेक वेळा चाकाचा वेग मोजणाऱ्या, चाकाजवळच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये निघतो. म्हणून तपासणी नेहमी स्वस्त भागापासून सुरू करावी.

आधी दिवे नीट वाचा. चावी फिरवून इंजिन सुरू न करता बघितलं, तर एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर खूश होऊ नका. बल्ब गेलेला असेल किंवा बिघाड लपवण्यासाठी कुणीतरी काढून ठेवलेला असेल. जुनी गाडी विकत घेताना ही खूण जरूर बघा.

नुसता पिवळा दिवा राहिला तर साधे ब्रेक शाबूत असतात. जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात, आणि जाम झालेल्या पुढच्या चाकांना स्टिअरिंग फिरवून दिशा देता येत नाही. तेव्हा पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून, सावकाश चालवत गॅरेज गाठता येतं. पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला तर मात्र गोष्ट वेगळी. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे, हे लगेच बघा. दोन्ही ठीक असूनही दोन्ही दिवे राहिले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. ती घाटात उतरवू नका, टो करून न्या. ऑइल कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले आहेत की कुठे गळती आहे, याचा छडा लावा.

दिव्यांनंतर बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास. व्होल्टेज खूप खाली गेलं की एबीएस स्वतःला बंद करून घेतं. पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. त्याच वेळी एबीएसचे फ्यूज तपासा. ते एकाहून जास्त असतात आणि पंपाच्या मोटरचा मोठा फ्यूज बहुधा बॉनेटखालच्या पेटीत असतो. मागचे ब्रेक लाइट लागतात का, तेही बघा. पेडलजवळचा स्विच बिघडला तरी काही गाड्यांत हा दिवा लागतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत का आणि हवा सारखी आहे का, हे पाहायला तर पाच मिनिटंही लागत नाहीत. एखादं चाक लहान झालं की ते इतरांपेक्षा वेगाने फिरतं आणि यंत्रणेचा गोंधळ होतो.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण. मोबाइलला जोडायची स्वस्त उपकरणं बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा आणि कोड कागदावर लिहून मागा. सर्वसाधारण यादीत सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर, सी००४० पुढचा उजवा, सी००४५ मागचा डावा आणि सी००५० मागचा उजवा. कंपन्यांचे स्वतःचे कोड वेगळे असतात, म्हणून ते गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. कोड "सेन्सर" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्या चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. सेन्सर मेलाच आहे, असं तो सांगत नाही. इथे घाई केली की चांगला सेन्सर फेकला जातो आणि दिवा तसाच राहतो.

ते चाक आता हाताने तपासा. सपाट जागी दुसऱ्या चाकांना ओंडके लावा, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा आणि चाक काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. सेन्सरची वायर शेवटपर्यंत बोटांनी चाचपा. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या ठिकाणी ती आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते. उंदरांनी कुरतडलेली वायर आपल्याकडे नवी नाही. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का ते बघा. कोकणात खाऱ्या हवेने आणि पावसाने हा थर लवकर चढतो. असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, पूर्ण वाळवून जोडा.

मग सेन्सरसमोरची दात्यांची रिंग बघा. ती ड्राइव्हशाफ्टवर किंवा हबवर असते. चाक हळूहळू पूर्ण फिरवत दाते मोजल्यासारखे पाहा. कुठे तडा गेलाय, दाता तुटलाय की फटीत चिखल किंवा ब्रेकची लोखंडी भुकटी बसलीय, ते दिसेल. गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात पेडल पायाखाली थरथरत असेल आणि दिवा लागत नसेल, तर माझा पहिला संशय तडा गेलेल्या रिंगवर जातो. काही गाड्यांत दात्यांऐवजी बेअरिंगच्या सीलवर चुंबकी पट्टी असते. तिथे बेअरिंग ढिलं झालं किंवा नवं बसवताना उलटं बसलं, तर सिग्नल जातो. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर हेच आधी तपासा.

मल्टिमीटर असेल तर जुन्या पद्धतीच्या, म्हणजे निव्वळ कॉइल असलेल्या सेन्सरचा रोध मोजता येतो. तो बहुधा ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा किंवा दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करा. रीडिंगच आलं नाही तर आतली तार तुटली आहे, शून्याजवळ आलं तर शॉर्ट आहे. एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की मीटर हलला पाहिजे. नव्या पद्धतीच्या, वीजपुरवठा लागणाऱ्या सेन्सरवर मात्र ओहम मोजू नका, तो बिघडू शकतो.

चारही चाकांकडून सिग्नल नीट येत असेल, फ्यूज, अर्थिंग आणि पुरवठा ठीक असेल आणि तरीही पंपाचा किंवा वाल्व्हचा कोड पुन्हा पुन्हा येत असेल, तेव्हाच मॉड्यूलकडे वळा. त्यातही नवं घेण्याआधी आतला सर्किट बोर्ड दुरुस्त होतो का ते विचारा. ब्रेकचे पाइप उघडावे लागले तर हवा काढण्याचं काम अनुभवी माणसाकडेच द्या, कारण बऱ्याच गाड्यांत त्यासाठीही स्कॅनर लागतो.

काम झालं की कोड पुसा आणि गाडी चालवून पाहा. चाकं फिरताना दिसेपर्यंत काही गाड्या दिवा विझवत नाहीत. मग मोकळ्या, सुट्या खडीच्या मैदानात, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, ताशी तीसच्या वेगात पेडल जोरात दाबा. पायाला थरथर आणि कानाला घरघर जाणवली आणि गाडी वळवता आली, तर एबीएस परत कामाला लागलं आहे.