‘मोबाइल दिला की वाटी संपते’: भरवतानाच्या या चुका टाळा

वाटी संपते हे खरं. पण पोट भरल्याचं मुलाला कळतच नाही, कारण लक्ष सगळं मोबाइलवरच्या गाण्यात असतं. मग कुणी भुकेपेक्षा जास्त खातं, कुणी न चावता गिळतं, तर कुणी घास गालात धरून बसतं.

कोथरूडमधली एक मुलगी, वय अडीच वर्षं. दहाव्या महिन्यापासून गाणी लावून भरवणं सुरू होतं. घास गालात राहतो म्हणून खिचडी मिक्सरमधून काढायला लागले. ती पटकन संपायची, म्हणून तीच चालू राहिली. दाढा आल्या तरी चावायची सवय लागली नाही, पोळीचा तुकडा तोंडात गेला की उमासा. मग ‘काहीच खात नाही’ म्हणून दिवसाला चार बाटल्या दूध, जवळजवळ लिटरभर. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. या वयात 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. दुधात लोह नगण्य असतं, त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि दुधाने पोट भरलं की वरण-भाजीला भूक उरत नाही.

डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, पण खरी मेहनत घरातच होती. बाटली बंद. दूध दिवसाला 400 मिली, कपातून, जेवणापासून दोन तास लांब. मिक्सर कपाटात. आधी हाताने कुस्करलेला गुरगुट्या भात, आठवड्याने वरणात भिजवलेली पोळी, मग मऊ शिजवलेल्या गाजराच्या फोडी. वरणावर लिंबू पिळायचं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. जेवण 25 मिनिटं, मग ताट उचलायचं. पुढच्या खाण्यापर्यंत फक्त पाणी.

जेवताना मोबाइल बंद केला की पहिले तीन-चार दिवस मूल निम्मंच जेवतं. इथेच बहुतेक पालक कच खातात. दुसऱ्या दिवशी रडल्यावर मोबाइल दिलात, तर तिसऱ्या दिवशी ते आणखी जोरात रडणार. ‘हळूहळू कमी करू’ हा मार्ग जेवणाच्या बाबतीत मला पटत नाही. चार घास मोबाइलसह, चार घास मोबाइलशिवाय, यात मुलाचा गोंधळ होतो आणि भांडण रोजचं होतं. बंद म्हणजे बंद, आणि आजोबांच्या बातम्याही त्या वेळी बंद.

संध्याकाळी टीव्हीसमोर खारीची किंवा वेफर्सची अख्खी पिशवी ठेवू नका. हात चालू राहतो आणि रात्रीची भूक मरते. वाटीत काढून, टेबलाशी बसवून द्या. त्यातही शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा नाचणीचं धिरडं असेल तर उत्तम. अख्खे शेंगदाणे मात्र लहानग्यांना नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात.

‘भाजी संपव, मग मोबाइल देते’ म्हणू नका, भाजी शिक्षा वाटू लागते.

झोपण्याआधी तासभर स्क्रीन नको. उशिरा झोपलेलं मूल सकाळी पोहे तसेच टाकून शाळेच्या व्हॅनमध्ये बसतं.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जेवणाची वेळ त्या तासात धरू नका.

वजन घटत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा घासागणिक ठसका लागत असेल, तर हे प्रयोग थांबवून थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.