टेलेविसा नि युनिव्हिजन: कोणाचं काय आहे हे कसं शोधायचं

कॉलेजचा प्रोजेक्ट असो, शेअर बघायचे असोत नाहीतर नुसती उत्सुकता असो, टेलेविसा या मेक्सिकोच्या टीव्ही कंपनीबद्दल वाचायला घेतलं की थोड्याच वेळात डोकं गरगरायला लागतं, कारण ग्रुपो टेलेविसा वेगळी, टेलेविसायुनिव्हिजन वेगळी, ओयामानी म्हणून अजून तिसरीच, आणि सगळीकडे फिरून फिरून तेच आस्कारागा आडनाव. बरेच जण मग सगळ्या लोगोंचा एक मोठ्ठा तक्ता बनवतात. तो बनवू नका, किंवा बनवा पण शेवटी. आधी चार प्रश्न वेगवेगळे काढा: प्रोग्रॅम कोण बनवतं, लायसन्स कोणाच्या नावावर आहे, शेअर कोणाकडे आहेत आणि मतदानाचा हक्क कोणाच्या हातात आहे. चारहीचं उत्तर एकच असणार असं धरून चाललात की गणित बोंबललंच.

इतिहास वाचाच, पण सगळा नको, जिथे मालकी हलली तेवढाच. सुरुवात रेडिओची. एमिलियो आस्कारागा विदाउरेता यांनी १९३० मध्ये मेक्सिको सिटीत एक्सईडब्ल्यू हे स्टेशन काढलं. पुढे टीव्ही आला आणि १९५५ मध्ये चॅनल २, ४ आणि ५ असे तीन वेगवेगळ्या मालकांचे चॅनल एकत्र येऊन टेलेसिस्तेमा मेहिकानो झाली. १९७२ ला आस्कारागा विदाउरेता वारले, मुलगा आस्कारागा मिल्मो आला, ज्याला लोक एल तीग्रे म्हणायचे, आणि १९७३ च्या सुरुवातीला मॉन्तेरेच्या प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण होऊन टेलेविसा जन्माला आली. १९९७ मध्ये तो वारला आणि तिसरी पिढी, आस्कारागा झाँ, खुर्चीवर बसली. मेक्सिकोची बाजू एवढी पुरे.

खरी गंमत अमेरिकेत आहे, इथे जरा थांबा. सॅन अँटोनियोमधलं स्पॅनिश टीव्ही स्टेशन १९६१ मध्ये ज्या मंडळींनी घेतलं त्यांत थोरले आस्कारागा विदाउरेता होते आणि त्यांचा माणूस रेने आन्सेल्मो होता. आता अमेरिकेचा कायदा असा की परदेशी माणसाला ब्रॉडकास्ट लायसन्स असलेल्या कंपनीत थेट २० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा ठेवता येत नाही. पण हा नियम लायसन्सला लागतो, स्टेशनांना प्रोग्रॅम पुरवणाऱ्या नेटवर्कला लायसन्स लागतच नाही! म्हणून आस्कारागांचा स्टेशनांत हिस्सा छोटा आणि एसआयएन नावाच्या नेटवर्कमध्ये मोठा, अशी मांडणी होती. कागदावर सगळं चोख, पण स्टेशनं खरं चालवतंय कोण हा प्रश्न उठलाच, आणि १९८६ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या प्रसारण नियामकाच्या न्यायाधीशाने लायसन्सचं नूतनीकरण नाकारलं. मग स्टेशनं ग्रीटिंग कार्डवाल्या हॉलमार्ककडे गेली आणि १९८७ मध्ये नेटवर्कचं नाव युनिव्हिजन झालं. म्हणून सांगतो, स्टेशन आणि नेटवर्क तुमच्या वहीत कायम दोन वेगळ्या ओळींत लिहा.

पुढचं भराभर: १९९२ मध्ये जेरी पेरेंचिओ या अमेरिकन उद्योजकाने टेलेविसा आणि व्हेनेझुएलाच्या व्हेनेव्हिसिऑनला सोबत घेऊन हॉलमार्ककडून ५५ कोटी डॉलर्सला युनिव्हिजन घेतली, २००७ मध्ये ती हाइम सबान वगैरे गुंतवणूकदारांकडे गेली (टेलेविसाने पण बोली लावली होती, हरली), २०१० मध्ये टेलेविसा १२० कोटी डॉलर्स घालून परत आत आली, २०२० च्या अखेरीस बहुसंख्य हिस्सा सर्चलाइट आणि फोर्जलाइट या गुंतवणूक कंपन्यांनी घेतला. आणि ३१ जानेवारी २०२२ ला टेलेविसाने आपला कंटेंटचा धंदा ४८० कोटी डॉलर्सच्या सौद्यात युनिव्हिजनला दिला. तीच टेलेविसायुनिव्हिजन. व्हिक्स हे स्ट्रीमिंग ॲप तिचंच.

इथेच सगळे फसतात. टेलेविसाने टीव्ही विकला असं लिहून मोकळे होतात. तसं झालेलं नाही. कंटेंट गेला, पण मेक्सिकोतली ब्रॉडकास्टची कन्सेशन्स, म्हणजे सरकारी परवाने, ग्रुपो टेलेविसाकडेच राहिली, आणि मेक्सिकोच्या बातम्या बनवण्याचं कामही सौद्यातून बाहेर ठेवलं. शिवाय नव्या कंपनीत ग्रुपो टेलेविसाचा साधारण ४५ टक्के हिस्सा, म्हणजे सगळ्यात मोठी भागधारक, पण निम्म्याच्या वर नाही. तुमच्या तक्त्यात हे 'मालक' म्हणून नाही, 'हिस्सा' म्हणून जायला हवं.

आता कागद कुठे बघायचे. ग्रुपो टेलेविसाचे २०-एफ फॉर्म, म्हणजे वार्षिक अहवाल, अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एडगर साइटवर फुकट मिळतात. शेकडो पानं असतात, घाबरू नका, आयटम ४ मध्ये धंदा काय काय आहे ते आणि आयटम ७ मध्ये मोठे भागधारक, बाकीचं नंतर. अमेरिकेतल्या स्टेशनांसाठी एफसीसीची ओनरशिप फाइलिंग्ज, मेक्सिकोसाठी कन्सेशनचं सरकारी रजिस्टर.

आयटम ७ वाचताना शेअर किती टक्के यावर थांबू नका. टेलेविसाचा बाजारात फिरणारा कागद म्हणजे सीपीओ, एका सीपीओत वेगवेगळ्या वर्गांचे मिळून ११७ शेअर: २५ ए, २२ बी, ३५ डी आणि ३५ एल. जे फॉर्म मी वाचलेत त्यांत २० डायरेक्टरांपैकी ११ एकट्या ए शेअरवाले निवडतात, डी आणि एलवाल्यांना दोन-दोनच, आणि ए शेअरचा मोठा गठ्ठा आस्कारागा ट्रस्टकडे. त्यात परदेशी सीपीओधारकाला फक्त एल शेअरवर मत. म्हणजे कुटुंबाचा पैशातला हिस्सा खूप कमी दिसला तरी बोर्ड त्यांच्या मुठीत कसा, याचं उत्तर या एका परिच्छेदात आहे, बातम्यांमध्ये हे क्वचितच सापडतं.

शेवटी लोगोंचा तक्ता, पण प्रत्येक ओळीपुढे तारीख टाका. इज्झी केबल आणि स्काय ग्रुपो टेलेविसाखाली. फुटबॉलचा क्लब अमेरिका, अस्तेका स्टेडियम, कसिनो आणि मासिकं मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये ओयामानी म्हणून वेगळी लिस्ट झाली, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही लेख त्यांना टेलेविसाखालीच दाखवणार. स्टेडियमचं तर २०२५ मध्ये नावही बदललं, आता एस्तादिओ बानोर्ते, पण ते स्पॉन्सर बँकेचं नाव आहे, म्हणून मालकाच्या रकान्यात बानोर्ते लिहू नका, तिथे ओयामानीच.