वेल्सच्या डोंगरात प्रबंधाचं फील्डवर्क : बँगर आणि ॲबरिस्टविथला येणाऱ्यांसाठी

वनशास्त्र, परिसरशास्त्र किंवा कुरणशेतीचा मास्टर्स करायला वेल्समध्ये येणारे बहुतेक जण दोनच गावांत उतरतात. बँगरला १९०४पासून वनशास्त्र शिकवलं जातं. ॲबरिस्टविथला १९१९मध्ये गवतांच्या वाणांवर काम करणारं केंद्र सुरू झालं आणि डोंगरी कुरणांचा अभ्यास तिथे आजही चालतो. दोन्हीकडे प्रबंधाचं मैदानी काम साधारण मे ते ऑगस्टमध्ये पडतं. ते फसतं तेव्हा कारण बहुधा संख्याशास्त्र नसतं. जमीन कोणाची, तिथे मेंढ्या केव्हा असतात आणि कोणतं गवत कधी ओळखू येतं, याचा विचार उशिरा केलेला असतो. विषय डिसेंबरपर्यंत ठरवा. जानेवारी-फेब्रुवारी फक्त परवानग्यांसाठी ठेवा.

इथला डोंगर तीन थरांत वाचायला शिका. तळाशी दरीतली बांधबंदिस्तीची शेतं, म्हणजे पेरलेलं रायगवत, खतं आणि सायलेज (आंबवून साठवलेला हिरवा चारा). सगळ्यात वर उघडा डोंगरमाथा. मधला उताराचा पट्टा म्हणजे फ्रिद : नेचा, गॉर्सची काटेरी झुडपं, हॉथॉर्नची सुटी झाडं, ओलसर खळगे आणि थोडं चराऊ गवत यांची सरमिसळ. फ्रिद आणि माथा यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी दगडी भिंत असते. भिंतीच्या दोन बाजूंचं व्यवस्थापन वेगळं, म्हणून वनस्पतीही वेगळ्या. नमुन्याचे प्लॉट आखताना भिंत ओलांडली आणि ते नोंदवलं नाही, तर तुम्ही मोजता चराईचा इतिहास आणि लिहिता उंचीचा परिणाम. ही चूक वारंवार होते, आणि ती लिहिताना लक्षात येते तेव्हा हंगाम संपलेला असतो.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर मालिकेतला घ्या, प्रमाण १:२५,०००. त्यात शेताच्या भिंती दिसतात. १:५०,०००च्या नकाशात त्या नसतात. डोंगराळ भागात समोच्च रेषांचं अंतर १० मीटर असतं. सहा आकडी ग्रिड संदर्भ १०० मीटरचा चौकोन सांगतो, आठ आकडी १० मीटरचा. प्लॉटसाठी आठ किंवा दहा आकडी संदर्भ लिहा आणि आधीची दोन अक्षरं विसरू नका. ती नसतील तर तोच आकडा देशात अनेक जागी बसतो. नावंही कामाची आहेत : कोइड असेल तिथे जंगल, ग्वेर्न असेल तिथे आल्डरच्या झाडांची दलदल, वाइन किंवा ऱ्होस असेल तिथे ओला माळ, बुल्ख असेल तिथे खिंड. जंगल कधीच गेलेलं असतं, पण नाव राहिलेलं असतं, आणि जुन्या वनाचा शोध घेणाऱ्याला तो पहिला धागा मिळतो.

आता परवानगी. एक्सप्लोरर नकाशावर फिक्या पिवळ्या रंगात दाखवलेल्या मोकळ्या जमिनीवर २०००च्या कायद्यानुसार पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. वेल्समध्ये तो २००५पासून लागू झाला. हा हक्क चालण्यापुरताच आहे. माती काढणं, खुंट्या ठोकणं, तंबू टाकणं त्यात येत नाही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणं १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जागा संरक्षित वैज्ञानिक क्षेत्रात असेल तर नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी पर्यावरण संस्थेशीही आधी बोलावं लागतं, आणि उत्तराला आठवडे लागतात. ‘कॉमन’ असं लिहिलेली जमीन आपल्याकडच्या गायरानासारखी वाटेल, पण तिला मालक असतो आणि चराईचे हक्क ठरावीक शेतकऱ्यांच्या नावे नोंदलेले असतात. वेल्सचा सुमारे आठ टक्के भूभाग असा आहे. तिथे मालक आणि चराई संघटना, दोघांना विचारा.

शेतकऱ्याला ईमेल पाठवून वाट पाहत बसू नका. संध्याकाळी फोन करा किंवा प्राध्यापकांच्या ओळखीने प्रत्यक्ष भेटा. किती दिवस, कुठे, किती माणसं, गाडी कुठे लावणार आणि जमिनीत काय ठोकणार, हे एका पानावर लिहून द्या. ग्विनेद (बँगरचा जिल्हा) आणि केरेडिगियॉन (ॲबरिस्टविथचा) यांच्या डोंगरी भागात अनेक घरांत वेल्श बोलली जाते. ‘बोरे दा’ (सुप्रभात) आणि ‘डिऑल्ख’ (धन्यवाद) एवढं यायलाच हवं. काम झाल्यावर निकालाची दोन पानं त्यांना द्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याचं दार त्यानेच उघडं राहतं.

मेंढ्यांचं वेळापत्रक पाठ करा. वेल्समध्ये माणसांच्या सुमारे तिप्पट मेंढ्या आहेत. सखल भागात कोकरं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, डोंगरी कळपांत एप्रिलमध्ये. त्या काळात कोणी फोन उचलत नाही आणि गाभण मेंढ्यांजवळून जाणाऱ्या पाहुण्यांना कोणी पसंत करत नाही. जूनअखेर ते जुलैमध्ये लोकर कातरण्यासाठी कळप खाली आणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नर सोडतात. वर्षाच्या तरुण माद्या हिवाळाभर दूरच्या सखल शेतांवर पाठवल्या जातात. म्हणून जानेवारीत डोंगरावर मोजलेल्या मेंढ्यांवरून ‘चराई कमी आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. दर महिन्याचा आकडा मालकाकडूनच घ्या. त्यातही कळप आपापल्या ठरलेल्या भागातच चरतो. ही सवय आईकडून कोकराकडे जाते, त्यामुळे एकाच माथ्यावर चराईचा भार सारखा नसतो.

गवत ओळखायला जूनचा मध्य ते ऑगस्ट हा काळ चांगला, कारण तेव्हा तुरे असतात. तुऱ्याशिवाय दोन गवतं नवख्याला हमखास चकवतात. नार्डस ब्रशसारख्या ताठ झुबक्यात वाढतं, तुरा एकाच बाजूला कलतो, आणि मेंढ्या ते टाळतात. मोलिनियाचे गड्डे (उंचवट्यासारखे झुबके) मोठे असतात, पान खोडापासून सुटतं तिथे पातळ पडद्याऐवजी केसांची कड असते, आणि थंडीत सगळं पान वाळून पांढुरकं होतं. नार्डस बऱ्याचदा मेंढ्यांच्या जुन्या जास्त चराईची खूण असते. मोलिनियाचा माजलेला माळ ओल्या आम्लधर्मी मातीवर असतो, आणि वारंवार लावलेल्या आगींनी तो अधिक पसरतो. एकसारखा पिवळा माळ पाहून दोन्ही एका खान्यात घालू नका.

ब्रिटनच्या राष्ट्रीय वनस्पती वर्गीकरणाची (एनव्हीसी) पद्धत वापरणार असाल तर गवताळ भागात २ × २ मीटरचा चौकट-प्लॉट, एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यात किमान पाच. जंगलात झाडांच्या छतासाठी ५० × ५० मीटर, जमिनीवरच्या थरासाठी बहुधा ४ × ४. आच्छादन, म्हणजे एका जातीने प्लॉटमध्ये व्यापलेली जागा, डोमिनच्या १ ते १० श्रेणीत लिहितात. ती श्रेणी सरळ टक्केवारी नाही, म्हणून तिची सरासरी काढू नका. नेच्याच्या उतारावर प्लॉट मेमध्येच निश्चित करा. जुलैत नेचा छातीपर्यंत येतो आणि खुंट्या सापडत नाहीत. बांबूच्या काठ्यांना मेंढ्या अंग घासून पाडतात, प्लास्टिकच्या फिती चघळतात. जमिनीलगत धातूची खुंटी आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून अंतर व दिशा, हे दोन्ही ठेवा. झाडांखाली आणि अरुंद दरीत जीपीएस ५-१० मीटरने सहज चुकतं.

ओकच्या वनांत मात्र वेळ काढून थांबा. गानल्लुइडसारख्या पश्चिमेकडच्या दमट दऱ्यांतल्या या वनांत खोडं, खडक सगळं शेवाळ आणि दगडफुलाच्या जातींनी झाकलेलं असतं. इथला मुख्य ओक क्वेर्कस पेट्रिया : पानाचा देठ लांब, फळ जवळपास बिनदेठाचं. सखल भागातल्या क्वेर्कस रोबरमध्ये याच्या उलट. संकर भरपूर आहेत, तेव्हा एकाच पानावर निकाल देऊ नका. लोबॅरिया नावाचं मोठं दगडफूल ओलं असताना हिरवंगार आणि कोरडं असताना कागदी तपकिरी दिसतं, म्हणून त्याची पाहणी पावसानंतर करा. ते खरवडू नका, फोटो पुरे.

या वनांत मोठी झाडं आहेत, पण कमरेएवढी रोपं दिसत नाहीत. मेंढ्या कोवळी रोपं खातात, आणि ओकचं रोप ओकच्याच सावलीत तगत नाही. कुंपण घालून चराई पूर्ण बंद केली तर ब्रॅम्बल (काटेरी वेलझुडूप) आणि होली (सदाहरित झाड) माजतात, खोडावरचा उजेड जातो आणि दुर्मिळ दगडफुलं मरतात. म्हणून अनेक ठिकाणी हंगामी, हलकी गुरांची चराई ठेवतात. ‘चराई वाईट’ किंवा ‘चराई चांगली’ असं एका ओळीत लिहिणारा प्रबंध आम्हाला कच्चा वाटतो. किती, कोणती जनावरं आणि कोणत्या महिन्यात, हे सांगा. ॲशच्या वाळत्या झाडांखाली प्लॉट टाकू नका. रोगाने त्यांच्या फांद्या ठिसूळ होऊन अचानक पडतात. एका वनातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांची माती ब्रशने काढून जंतुनाशक लावा. लार्चची झाडं मारणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू चिखलातूनही पसरतो.

सह्याद्रीच्या पावसाचा सराव इथे थोडा फसवतो. आपल्याकडे दिवसभर भिजलं तरी हवा उबदार असते. इथे जुलैतही ६०० मीटरवर वाऱ्यात ८-१० अंश मिळतात. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर पाणीरोधक जॅकेट आणि पँट, सुक्या पिशवीत एक जादा स्वेटर. सोबत्याचं बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला तर काम थांबवून खाली उतरा. चालण्याचा हिशोब तासाला ५ किलोमीटर, वर प्रत्येक १०० मीटर चढाला १० मिनिटं. मोलिनियाच्या गड्ड्यांत दुप्पट धरा. वही पाणीरोधक आणि पेन्सिल हवी, टॅब्लेटचा पडदा पावसात ऐकत नाही. नेच्यातून आल्यावर गोचीड तपासा : गुडघ्यामागे, जांघेत, काखेत. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. पुढच्या आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जा. संकटात ९९९, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. मिनिटात शिटीचे सहा फुंकर, मग एक मिनिट थांबून पुन्हा. रेंज अनेक दऱ्यांत नसते, म्हणून परतीची वेळ कोणाला तरी सांगून निघा.

कोकरांच्या हंगामात कामाला माणसं लागतात, पण अनेक शेतं स्वयंरोजगारी म्हणून पैसे देतात आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. पगारी नोकरीच घ्या. सत्रकाळात मास्टर्सच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि प्रबंधाचा उन्हाळा बहुधा सत्रकाळच धरला जातो. गरोदर स्त्रियांनी विणाऱ्या मेंढ्यांजवळ जाऊ नये, त्यांच्यातले काही संसर्ग गर्भाला धोकादायक असतात. पुढे सर्वेक्षणाच्या नोकऱ्या पाहणार असाल तर त्या बहुतेक एप्रिल ते सप्टेंबरच्या असतात, जाहिराती थंडीतच निघतात आणि गाडी चालवता येणं जवळजवळ सक्तीचं असतं. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतो. त्याआधी ब्रिटिश चाचणी द्या, आणि डोंगरातल्या एकेरी रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की मागच्या रुंद जागेपर्यंत गाडी उलटी नेण्याचा सराव करून ठेवा.