मोजणी जुळल्याशिवाय डबल बेल नाही

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. संध्याकाळी सातच्या सुमारास दिल्लीत लाल किल्ला मेट्रो स्टेशनजवळ गाडीत स्फोट झाला. इकडे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात सूनबाई कणकेची परात मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसून राहिली. फ्रिजवर नातीच्या शाळेचं पत्रक लावलेलं होतं: डिसेंबरात दिल्ली-आग्रा सहल, आठवी-नववी, पहिला हप्ता भरलेला. "मी नाही पाठवणार," सून म्हणाली. मुलगा म्हणाला, "भरलेले पैसे गेले समज." नात काहीच बोलली नाही.

मी एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो, बहुतेक नोकरी नाशिक-मुंबई मार्गावर. अतिरेक्यांबद्दल मला तुमच्याइतकंच कळतं. पण परक्याची पोरं-म्हातारी सांभाळून नेणं आणि परत आणणं हे मी रोज केलंय. त्या जोरावर, अशा बातमीनंतर सहलीचं काय करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे त्या रात्री काही ठरवायचं नाही. पाठवायचंही नाही, रद्दही करायचं नाही. टीव्हीवर तेच ते जळणारं वाहन शंभर वेळा दाखवतात आणि दर वेळी आपल्याला वाटतं की आणखी एक झालं. मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला, घरात थोडी कुरबुर झाली. पालकांच्या ग्रुपवर तोवर दीडशे मेसेज येऊन पडले होते, त्यातले निम्मे "फॉरवर्डेड". तेही सकाळी बघायचे.

पोराशी मात्र त्याच रात्री बोलायचं. नातीने झोपताना विचारलं, "आप्पा, आम्ही गेल्यावर परत फुटेल का?" अशा वेळी "छे, काही होत नाही" म्हणू नका. काही होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलंय, मग आपल्या बाकीच्या शब्दांवरही तिचा विश्वास राहत नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही. पण कोण काय बघणार आहे ते मी शाळेत जाऊन विचारून येतो, मग आपण दोघं ठरवू." ती झोपली. मी काही झोपलो नाही, ते सोडा.

शाळेत जाताना एक पथ्य पाळा. "सहल सुरक्षित आहे का?" असं विचारू नका. त्याला "हो, काळजी करू नका" हे एकच उत्तर असतं. ज्याला आकडा, नाव किंवा तारीख सांगावी लागते असंच विचारा. सहल पुढे ढकलायची की रद्द करायची ते कोण ठरवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत? तोवर रद्द झाली तर पैसे किती परत? सोबत शिक्षक किती, त्यात बाई किती? मुक्काम कुठे, पत्ता लेखी द्या. रोजचा कार्यक्रम तासवार द्या.

हा तासवार कागद नीट वाचायचा. आमच्या शाळेच्या कागदावर लाल किल्ला सोमवारी लिहिला होता. लाल किल्ला सोमवारी बंद असतो! ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तसाच. स्फोट बाजूला ठेवा, पण हा कार्यक्रम कोणीतरी गेल्या वर्षीच्या फाइलमधून उचललाय आणि कुणी तपासलेला नाही, एवढं मला त्या एका ओळीत कळलं. मी ते चढ्या आवाजात नाही सांगितलं. सरांच्या टेबलावर कागद ठेवला आणि बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यात नवा कागद आला. त्यात किल्ला गाळला होता आणि कुतुबमिनार घातला होता. खालच्या ओळीत कोणत्या सरांचा फोन चोवीस तास चालू राहील तेही लिहिलं होतं.

संमतीपत्रावर "कोणत्याही घटनेस शाळा जबाबदार राहणार नाही" असं छापलेलं असतं. त्या ओळीवरून पालकसभेत तासभर वाद झाला, हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा त्याच पत्राच्या मोकळ्या जागेत आपलं लिहून द्या: मुलीचं औषध, ॲलर्जी, रक्तगट, दोन फोन नंबर. आणि सही केलेल्या पत्राचा फोटो काढून ठेवा.

आता मोजणीबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे. गाडी सुटण्याआधी आम्ही प्रवासी मोजायचो आणि तिकिटांशी ताळा घ्यायचो. ताळा जुळत नाही तोवर डबल बेल नाही, मागून कुणी कितीही ओरडो. उभ्या, फिरत्या माणसांना मोजलं की आकडा हमखास चुकतो. एक पोरगं दोनदा मोजलं जातं आणि एक पोरगं पाणी प्यायला गेलेलं असतं, बेरीज बरोबर येते. म्हणून बसल्या जागी मोजायचं, मागून पुढे यायचं आणि आकडा कागदावर लिहायचा. दुसऱ्या शिक्षकाने स्वतंत्र मोजायचं आणि मगच दोघांनी आकडे बोलायचे. आधी बोलले तर दुसरा पहिल्याचाच आकडा म्हणतो, हे मी तपासनिसांच्याही बाबतीत पाहिलंय.

त्याहून सोपं म्हणजे मुलांच्या जोड्या लावायच्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर नजर ठेवायची आणि शिक्षकाने जोड्या मोजायच्या. गर्दीत काही गडबड झाली, धावपळ झाली, तर पोरगं एकटं राहत नाही. बाईंना मी हे सांगितलं, त्यांनी लगेच वहीत जोड्या लिहिल्या. नातीची जोडी तिच्या बाकावरच्या मैत्रिणीशी लागली. ती मुलगी मुसलमान. एका पालकाने सभेनंतर मला बाजूला घेऊन "जोडी बदलून घ्या ना" असं सुचवलं. मी त्यांना विचारलं, तुमच्या मुलीला रस्ता चुकल्यावर हात धरणारी कोण आहे ते सांगा. ते निघून गेले. घरी मुलांपुढे आपण काय बोलतो ते सहलीत त्यांच्याबरोबर जातं, एवढंच ध्यानात ठेवा.

एक कडू गोष्ट. पोरांना खरा धोका बहुतेक वेळा बॉम्बचा नसतो, गाडीचा आणि पाण्याचा असतो. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे आपल्याच नाशिकच्या औरंगाबाद रस्त्यावर यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रकवर आदळून पेटली आणि १२ माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. या दोन्ही गोष्टी आपण दोन महिन्यांत विसरतो. म्हणून बस असेल तर आपत्कालीन दार आतून उघडून दाखवायला सांगा, त्याच्यासमोर सीट किंवा सामान नको. आग विझवायचं नळकांडं कुठे आहे आणि त्यावरची तारीख काय ते बघा. रात्रीचा प्रवास असेल तर दुसरा चालक आहे का, आणि तो दिवसभर झोपला होता का, हे त्याला स्वतःला विचारा. चालक खरं सांगतात, मालक सांगत नाहीत. एसटी शाळेच्या सहलींना ५० टक्के सवलत देते, हे मी एसटीचा माणूस म्हणून सांगितलंच पाहिजे. समुद्र किंवा तलाव असेल तर प्रत्येकाला अंगात घातलेलं लाइफ जॅकेट, नाहीतर नाव नाही.

पोराच्या खिशात कागद हवा. मोबाइल बंद पडतो, हरवतो, आणि बऱ्याच शाळा नेऊच देत नाहीत. जाड कागदावर बॉलपेनने तिचं नाव, आईबाबांचे आणि सरांचे नंबर, मुक्कामाचा पत्ता हिंदीतून, आणि खाली आपत्कालीन मदतीचा ११२, मुलांच्या मदतीचा १०९८ आणि रेल्वेचा १३९. शाईच्या पेनने लिहू नका, पहिला कागद माझ्याच सदऱ्याबरोबर धुतला गेला. शिवाय एक नंबर तोंडपाठ करून घ्या. आमच्या नातीला पाढे पाठ आहेत पण बापाचा नंबर नव्हता! चार दिवस जेवताना म्हणवून घेतला.

आणि काही झालंच तर काय करायचं, हे पोराशी एकदाच शांतपणे बोलायचं. मोठा आवाज झाला तर तो बघायला जायचं नाही आणि व्हिडिओ काढायचा नाही. जोडीदाराचा हात धरायचा आणि बाईंकडे जायचं. बाई दिसल्या नाहीत तर वर्दीतला माणूस गाठायचा. बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. "उगाच हसतील" म्हणून गप्प राहायचं नाही. घोटीजवळ आमच्या गाडीत अशीच एक पिशवी सापडली होती. चालकाने गाडी मोकळ्यावर घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं, पोलीस आले. आत मेथीचे लाडू आणि लग्नपत्रिका. प्रवाशांनी दीड तास शिव्या घातल्या. पुन्हा तशी पिशवी दिसली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं.

घरच्यांसाठीही नियम हवा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी परतीच्या फेरीसाठी मुंबई सेंट्रलला होतो. मला साधा ओरखडा नव्हता. पण मोबाइल लागेनात. कसाऱ्याला एसटीडी बूथवर रांग लावून घरी बोललो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. तोवर बायको दोनदा डेपोत कंट्रोलरकडे जाऊन आली होती आणि आमच्या शेजारणीने तिला धीर देता देता रडवलं होतं. म्हणून आधीच ठरवा: फोन लागला नाही याचा अर्थ फोन लागला नाही, एवढाच. सरांनी एकाच पालकाला कळवायचं, त्याने पुढच्या पाचांना, त्यांनी पुढच्यांना. पन्नास जणांनी सरांना फोन लावला तर सरांना पोलिसांशी बोलताच येत नाही. फोन लागत नसेल तर साधा मेसेज टाका, तो बऱ्याचदा जातो.

एवढं विचारून, लिहून घेऊनही उत्तरं मिळत नसतील, किंवा "तुम्हाला विश्वास नाही का?" असं उलट ऐकवलं जात असेल, तर पाठवू नका आणि त्याची लाजही बाळगू नका. पोराला स्वतःला जायचं नसेल तर तेही ऐका. आमच्या वर्गातल्या तीन मुली गेल्या नाहीत. त्यांच्या आयांना भित्र्या म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

आमची गेली. सून शेवटपर्यंत खुश नव्हती, पण तिने बॅग भरली. नाशिकरोडला गाडी यायला वीस मिनिटं होती तेव्हा बाईंनी मुलांना फलाटावर बॅगांवर बसवलं आणि मागून पुढे जोड्या मोजल्या. बावीस हव्या होत्या, एकवीस भरल्या. दोन मुलगे वडापावच्या स्टॉलवर सापडले. पुन्हा मोजणी, दुसऱ्या सरांची वेगळी, मग दोघांनी आकडे बोलले. बावीस. गाडी आली, पोरं चढली, खिडकीतून नातीने खिसा थोपटून कागद आहे असं खुणेनं दाखवलं. गाडी हलली आणि माझा हात आपसूक वर गेला, घंटीच्या दोरीकडे. फलाटावर दोरी कुठली. सून म्हणाली, "आप्पा, हात हलवा ना मग, ती बघतेय."