नाताळची मेजवानी घालताय? या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मला फोन येऊ लागतात. "टर्की आतून कच्ची लागतेय", "वाइन कडू झाली", "आता काय करू?" बहुतेकांना खरं उत्तर एकच असतं: हा फोन तीन दिवस आधी करायला हवा होता. या मेजवानीत अवघड असं फार काही नसतं, पण घाई मात्र नडते.

टर्कीचं उदाहरण घ्या. गोठलेला पक्षी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला, तर त्याचा बर्फ सुटायला दर दोन किलोंना साधारण एक दिवस लागतो. पाच किलोंच्या पक्ष्याला अडीच ते तीन दिवस. हे सांगितलं की नवशिके हसतात आणि "ओव्हन जरा वाढवला की होईल" म्हणतात.

माझ्या एका मित्राने हेच केलं. सात किलोंचा पक्षी सकाळी फ्रीजरमधून काढला, थोडा वेळ ओट्यावर ठेवला, वरून मऊ लागला म्हणून ओव्हनमध्ये ढकलला, तोही २२० अंशांवर. कातडी इतकी सुरेख तांबूस झाली की त्याने फोटो काढून मला पाठवला. पुढचं मी टेबलाशी बसून पाहिलं. छातीचे वरचे दोन काप छान निघाले. सुरी मांडीच्या सांध्याशी पोचली आणि तिथे मांस गुलाबी, चिकट, गार. पोकळीत हात घातला तर काळीज-गिझार्डची (पक्ष्याच्या पोट्याची) पिशवी, जी भाजण्याआधी काढायची असते, ती जशीच्या तशी आत. पाहुण्यांनी त्या रात्री बटाटे, क्रॅनबेरी सॉस आणि पाव खाल्ला. यजमानाने वाइन जरा जास्तच घेतली, आणि त्याला कुणी बोललं नाही.

पक्ष्याचा बर्फ ओट्यावर ठेवून सोडवू नका, हे तर कितीदा सांगायचं! मधला भाग दगड असतो तेव्हा बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येऊन बसलेला असतो, आणि ४ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. उशीर झालाच असेल तर पक्षी घट्ट पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवा. अर्ध्या किलोला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पाच किलोंना पाच-सहा तास जातात, पण वाट लागत नाही. कोमट पाणी वापरायचं नाही.

पक्षी शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा; ७४ अंश दिसले पाहिजेत. पक्ष्याच्या पोकळीत मसाला भरायचाच असेल तर आतल्या मसाल्यालाही हाच आकडा लागतो, म्हणून मी तो वेगळ्या भांड्यातच भाजते. पक्षी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात. आणि बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास त्याला हात लावू नका. रस मांसात मुरतो, आणि रिकाम्या ओव्हनमध्ये तेवढ्यात बटाटे होतात.

आता वाइन. मल्ड वाइन, म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन, उकळणारा माणूस दिसला की मला गॅस बंद करून त्याला स्वयंपाकघराबाहेर काढावंसं वाटतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. खळखळ उकळी आणलीत की ते उडायला लागतं, लवंग-दालचिनीचा कडूपणा उतरतो आणि हाती येतो काढा. मंद आच, वाफ दिसावी पण बुडबुडा दिसू नये, एवढंच. मसाले अख्खेच घ्या; पूड टाकली की पेय गढूळ होतं आणि तळाशी गाळ बसतो. लवंगा मोजून, बाटलीला पाच-सहा. संत्र्याची फक्त वरची साल, पांढरा भाग नाही. मी आधी साखर, मसाले आणि जेमतेम कपभर वाइन यांचा पाक करते आणि उरलेली वाइन शेवटी ओतते. तिला फक्त गरम व्हायचं असतं. महागडी बाटली यात घालणं मला पटत नाही.

जेवणाबरोबर काय द्यायचं यात बहुतेकजण भारदस्त, टॅनिनवाली (टॅनिन म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा) रेड वाइन काढतात, कारण ती "खास" वाटते. टर्कीच्या छातीत चरबी कमी, शेजारी गोड-आंबट सॉस. अशा ताटाशी टॅनिन तुरट आणि कोरडं लागतं. पिनो न्वार किंवा गामे अशी हलकी रेड द्या, व्हाइट हवी तर किंचित गोड रीसलिंग. कॅबर्नेसारखी भारदस्त रेड बीफ रोस्टसाठी ठेवा.

सुक्या मेव्याच्या गोड ख्रिसमस पुडिंगबरोबर ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, शॅम्पेन ही दुसरी हौस. पदार्थ पेयापेक्षा गोड असला की पेय आंबट लागतं, मग बाटली कितीही किमती असो. तिथे पोर्ट किंवा पेड्रो हिमेनेझ शेरी अशी गोड वाइन हवी, छोट्या ग्लासात. शॅम्पेनसारखी बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन पाहुणे आल्या आल्या उघडा.

गार करायची विसरलात तर बाटली फ्रीजरमध्ये कोंबू नका, ती तिथेच विसरली जाते आणि फुटते. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. अर्ध्या तासात काम होतं. नुसता बर्फ बाटलीला नीट टेकत नाही, पाणी लागतंच.

न पिणाऱ्यांच्या हातात कोलाचा कॅन देणं मला उद्धटपणा वाटतो. सफरचंदाचा रस त्याच मसाल्यांत गरम करा. तो उकळला तरी चालतो.

पुडिंगवर ब्रँडी ओतून ते पेटवायचं असेल तर ब्रँडी छोट्या पळीत कोमट करा, थंड ब्रँडी पेटत नाही. बाटलीतून थेट ज्वाळेवर ओतायची नाही.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत पसरट डब्यांत घालून फ्रीजमध्ये, आणि सांगाडा फेकायचा नाही. दुसऱ्या दिवशी कांदा, गाजर, मिरे घालून मंद आचेवर ठेवा. सूप तयार होईपर्यंत भांडी घासून होतात.